घरबसल्या जर्मन व्याकरण: तुमचं मराठी हेच तुमचं भांडवल

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, जर्मन शिकायचंय, पण क्लास लांब आहे, फी जास्त आहे आणि व्याकरण बघूनच डोकं फिरतं. स्वतःचं स्वतः जमेल का?" जमेल. पण पद्धत लागते. व्हिडिओत सगळं सांगता येत नाही, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक सांगतो. मी जर्मनचा प्राध्यापक नाही. धामणकर नाक्यावर दुकान चालवतो आणि धंदा कसा करायचा ते शिकवतो. पण दुकान सांभाळून ए1 पातळीचं व्याकरण पूर्ण केलं आहे. म्हणून गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला काय जमतं आणि काय जमत नाही, हे मला माहीत आहे.

भिवंडीत बसून जर्मन कशाला?

कारणाशिवाय सुरू केलेला धंदा आणि कारणाशिवाय सुरू केलेली भाषा, दोन्ही तिसऱ्या महिन्यात बंद पडतात. म्हणून आधी कारण लिहून काढा. आपल्याकडे साधारण तीन कारणं दिसतात.

एक, कापड. आपलं गाव लूमचं. कापडाच्या मशिनरीत जर्मन नावं मोठी आहेत: रेपियर लूममध्ये डॉर्नियर, वार्प निटिंगमध्ये कार्ल मायर, सुयांमध्ये ग्रोत्स-बेकर्ट. बेडशीट, पडदे, टॉवेल अशा घरगुती कापडाचं हाइमटेक्स्टिल हे मोठं प्रदर्शन दर जानेवारीत फ्रँकफुर्टला भरतं.

दोन, नोकरी. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. या शहराचं आणि मुंबईचं भगिनी-शहराचं नातं 1968 पासूनचं आहे. या करारानंतर आपल्या भागातल्या पोरांमध्ये जर्मनची चर्चा वाढली.

तीन, जर्मन हाच धंदा. भाषांतर, शिकवणी, कागदपत्रांची मदत.

आता खरं बोलू. प्रदर्शनात इंग्रजीवर काम भागतं. ए1 झाल्यावर तुम्ही जर्मनमध्ये सौदा ठरवणार नाही. मग ए1 चा फायदा काय? पार्टीचं नाव, तारीख, भाव, ऑर्डर, डिलिव्हरी हे शब्द कागदावर तुम्हाला स्वतःला वाचता येतात. दर वेळी "यात काय लिहिलंय?" म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. लहान धंदेवाल्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

आधी वेळेचा हिशोब

"30 दिवसांत जर्मन" अशा जाहिराती तुम्ही बघता. आता आकडा बघा. ए1 साठी साधारण 80 ते 200 तासिका लागतात, प्रत्येकी 45 मिनिटांची, असं गोएथे इन्स्टिट्यूटच सांगते. भारतात या संस्थेला आपण मॅक्सम्युलर भवन म्हणतो.

रोज एक तासिका, आठवड्याला सहा दिवस. म्हणजे महिन्याला 26. 80 ला भागा, तीन महिने. 200 ला भागा, जवळजवळ आठ महिने. तीन ते आठ महिने, रोज पाऊण तास. एवढी गुंतवणूक परवडत असेल तरच सुरू करा. परवडत नसेल तर आत्ताच थांबा, पैसे वाचतील.

मुख्य मुद्दा: इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका

आपली सवय काय? परकी भाषा म्हटली की आधी ती इंग्रजीत समजून घ्यायची, मग मराठीत. जर्मनच्या बाबतीत हा उलटा प्रवास आहे. ठाण्याला जायला आधी कसाऱ्याला जाण्यासारखं. कारण जर्मन व्याकरणात ज्या गोष्टी इंग्रजीवाल्याला छळतात, त्यातल्या बऱ्याचशा तुम्ही रोज घरात बोलता.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकल्या. पद्धत साधी: थोडे शब्द, एक नियम, मग मराठी वाक्याचं भाषांतर. तीच पद्धत जर्मनला लावा.

एक सूचना. इथे उच्चार कळावा म्हणून जर्मन शब्द देवनागरीत देतोय. वहीत मात्र जर्मन स्पेलिंगच लिहा, नाम असेल तर पहिलं अक्षर कॅपिटल. देवनागरीत लिहायची सवय लागली की वाचन कच्चं राहतं.

पायरी 1: तीन लिंगं

इंग्रजीत घर, पुस्तक, धागा सगळ्यांना एकच "द". जर्मनमध्ये तीन: पुल्लिंगी डेर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी डास. इंग्रजीवाला इथेच घाबरतो: टेबलाला कसलं लिंग? तुम्हाला हा प्रश्न पडणारच नाही. तुम्ही तो, ती, ते करतच मोठे झालात. आणि हो, "डास" ऐकून हसू आलं ना? भिवंडीकर हा शब्द कधी विसरणार नाही.

काही शब्दांचं लिंग दोन्ही भाषांत जुळतं:

- तो दिवस: डेर टाक
- ती रात्र: डी नाख्ट
- ते वर्ष: डास यार
- तो धागा: डेर फाडन
- ती सुई: डी नाडल
- ती भाषा: डी श्प्राखं
- ते घर: डास हाउस
- ते पुस्तक: डास बूख
- ते पाणी: डास वासर
- ते मूल: डास किंट

पण सावध. हे दर वेळी जुळत नाही. आपला सूर्य "तो", त्यांचा सूर्य "डी झोनं". आपली खुर्ची "ती", त्यांची "डेर श्टूल". म्हणून अंदाज करायचा नाही, नोंद करायची.

दुकानात नवीन माल आला की आपण नुसतं नाव लिहीत नाही. नाव, साइज, रेट, नग, सगळं एका ओळीत टाकतो. जर्मन नामाची नोंद तशीच करा: डेर-डी-डास, शब्द, अनेकवचन, अर्थ. अनेकवचनही तिथेच लिहा, कारण ते एकसारखं होत नाही. आपलंही होत नाहीच: धागा-धागे, रात्र-रात्री, वर्ष-वर्षं. पुल्लिंगीला निळं पेन, स्त्रीलिंगीला लाल, नपुंसकलिंगीला हिरवं वापरा. डेर-डी-डासशिवाय लिहिलेला शब्द म्हणजे रेट न टाकलेला माल. गिऱ्हाईक आलं की शोधत बसाल.

थोडे नियम मदतीला आहेत. शेवटी "उंग" आलं की शब्द स्त्रीलिंगी, आणि आपल्या धंद्याचे बरेच शब्द याच घरातले: डी रेष्नुंग म्हणजे बिल, डी बश्टेलुंग म्हणजे ऑर्डर, डी लीफरुंग म्हणजे डिलिव्हरी, डी त्सालुंग म्हणजे पेमेंट. एका नियमात चार कामाचे शब्द. वार आणि महिने पुल्लिंगी. शेवटी "षन" लागून लाडाचं, लहान रूप झालं की नपुंसकलिंगी. म्हणून मुलगी म्हणजे डास मेडषन. इंग्रजीवाल्याला हे विचित्र वाटतं. आपण "ते पोरगं", "ते लेकरू" म्हणतोच की.

पायरी 2: विभक्ती

शाळेत स-ला-ते, चा-ची-चे पाठ केलं होतं ना? ते आता कामाला येतं. मराठीत विभक्ती आठ, जर्मनमध्ये चार. त्यातही सुरुवातीला तीनच पुरतात. फरक एवढाच की आपण शब्दाचं शेपूट बदलतो, धागा-धाग्याला. जर्मन माणूस बहुतेक वेळा शब्दाचं तोंड बदलतो, म्हणजे डेर-डी-डास बदलतो.

- प्रथमा, काम करणारा: डेर, डी, डास
- द्वितीया, ज्याच्यावर काम होतं: डेन, डी, डास
- चतुर्थी, ज्याला मिळतं: डेम, डेर, डेम

नीट बघा. द्वितीयेत फक्त पुल्लिंगी बदललं, बाकी दोन जशीच्या तशी. म्हणजे पहिल्या महिन्यात तुम्हाला एकच बदल शिकायचाय: डेरचा डेन. तो पक्का होईपर्यंत चतुर्थीला हात लावू नका. चतुर्थीत आल्यावर लक्षात ठेवा, तिथला "डेर" स्त्रीलिंगी आहे.

उदाहरण घ्या. मी कापड विकत घेतो: इष काउफं डेन श्टोफ. मी त्या माणसाला कापड देतो: इष गेबं डेम मान डेन श्टोफ. दोन प्रश्न विचारा. काय दिलं? कापड, डेन. कोणाला दिलं? माणसाला, डेम.

इथे मराठी माणसाला एक खड्डा आहे. "मी त्या माणसाला बघतो" यातही "ला" आहे, पण जर्मनमध्ये ही द्वितीया: इष झेए डेन मान. म्हणजे "ला" दिसला की लगेच चतुर्थी असं नाही. माणसाच्या हाती काही पडतंय का ते बघा. देणं, दाखवणं, सांगणं यात काहीतरी पोचतं, तिथे चतुर्थी. नुसतं बघणं, ओळखणं, शोधणं यात द्वितीया. मदत करण्यासारखी काही क्रियापदं मात्र चतुर्थीच घेतात, ती वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

आणि आता गोड बातमी. "मला थंडी वाजते" याला जर्मन माणूस म्हणतो मीर इस्ट काल्ट, शब्दशः "मला थंड आहे". "मला हे पुस्तक आवडतं" याला डास बूख गफेल्ट मीर. इथेही "मला" आहे, "मी" नाही. इंग्रजीतून गेलात तर हे अपवाद म्हणून पाठ करावं लागतं. मराठीतून गेलात तर पाठ करायचं काही उरतच नाही.

पायरी 3: क्रियापद कुठे बसतं

साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर. ही जागा त्याची पक्की, नाक्यावरच्या ट्रॅफिक हवालदारासारखी. पहिल्या जागेवर "मी" आला काय, "आज" आला काय, क्रियापद हलत नाही. "आज" आधी आलं तर "मी" क्रियापदाच्या मागे जातो. मराठीत हे असं होत नाही, म्हणून याचाच सराव जास्त करा.

पण "कारण" आलं की चित्र पालटतं. मी जर्मन शिकतो, कारण माझ्याकडे दुकान आहे: इष लेर्नं डॉइच, वाइल इष आइनन लाडन हाबं. "हाबं" शेवटी, आपलं "आहे"ही शेवटी. इंग्रजी माध्यमाची पोरं इथे अडखळतात, तुम्ही सरळ निघून जाल.

तुटणारी क्रियापदं ही तिसरी गोष्ट. "आउफमाखन" म्हणजे उघडणं. वाक्यात त्याचा "आउफ" तुटून शेवटी जातो. मी दुकान नऊ वाजता उघडतो: इष माखं डेन लाडन उम नॉइन ऊर आउफ. वाक्य संपेपर्यंत थांबा, नाहीतर दुकान उघडलं की बंद केलं ते कळणार नाही. कारण बंद करणं म्हणजे "त्सूमाखन", आणि फरक फक्त त्या शेवटच्या शब्दात आहे.

पायरी 4: आकडे, वेळ आणि मान

धंदेवाल्यासाठी मी हा भाग सगळ्यात वर ठेवतो, कारण इथे चूक म्हणजे थेट पैशाची चूक.

34 ला आपण चौतीस म्हणतो, चार आधी, तीस नंतर. जर्मनही तसंच: फीर-उंट-द्राइसिष, चार आणि तीस. इंग्रजी कानाने ऐकणारा घाईत 43 लिहितो. मराठी कानाने ऐका, बरोबर लिहाल. 134 सुद्धा आपल्यासारखंच: शंभर, चार आणि तीस. फक्त आपलं एकोणतीस "एक कमी तीस" असतं, त्यांचं सरळ "नऊ आणि वीस".

लिहिताना उलटं असतं. जर्मन बिलावर 1.250,50 दिसलं तर तो सव्वा रुपयासारखा आकडा नाही. तिथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम. म्हणजे एक हजार दोनशे पन्नास युरो आणि पन्नास सेंट.

वेळेतही खड्डा आहे. "हाल्प त्सेन" यात "त्सेन" म्हणजे दहा, पण अर्थ साडेदहा नाही. दहाला अर्धा तास बाकी, म्हणजे साडेनऊ. मीटिंगला एक तास उशिरा पोचायचं नसेल तर हे आजच वहीत लिहा.

मान देणं आपल्याला शिकवावं लागत नाही. घरच्याला, मित्राला "डू", गिऱ्हाइकाला, अनोळखी माणसाला "झी". आपण "साहेब आले" म्हणताना एका माणसाला अनेकवचन लावतो, तसंच "झी" बरोबर क्रियापद अनेकवचनी येतं. आणि "डू" च्या क्रियापदात "स्ट" लागतं: डू माख्स्ट. आपल्या "तू करतोस" मधला "स" आठवा, विसरणार नाही.

रोजचा पाऊण तास

- सकाळी शटर उघडायच्या आधी 10 मिनिटं: कालचे शब्द, डेर-डी-डाससकट, मोठ्याने.
- दुपारी गिऱ्हाईक कमी असताना 15 मिनिटं: एकच नियम. दोन नाही.
- रात्री गल्ला मोजून झाल्यावर 20 मिनिटं: त्या नियमावर पाच मराठी वाक्यांचं जर्मन करा. वाक्यं आपल्या दिवसातली घ्या. आज काय विकलं, कोण आलं, किती वाजता बंद केलं.

रविवारी नवीन काही नाही. आठवडाभराच्या चुका एका पानावर काढा. जी चूक तीनदा दिसली, तो पुढच्या आठवड्याचा धडा. आपण महिन्याला स्टॉक मोजतो ना, तसंच.

साधनांवर सुरुवातीला खर्च करू नका. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा "निकोस वेक" हा कोर्स इंटरनेटवर फुकट आहे, ए1 ते बी1. त्यातला एक धडा आणि तुमची वही, एवढं पुरे. मोबाइलचं भाषांतर तपासणीसाठी वापरा. आधी स्वतः लिहा, मग ताडून बघा. उलटं केलंत तर मोबाइल जर्मन शिकेल, तुम्ही नाही.

एकट्याने एक गोष्ट होत नाही, ती म्हणजे बोलणं. दोघं-तिघं मिळून आठवड्यातून एकदा बसा. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक, भाव विचारा, बिल मागा. आपल्या गावात सायझिंगवाला, लूमवाला, दलाल एकाच दिवसात मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू ऐकतो आणि काम चालवतो. भाषेची लाज आपल्याकडे नाही, ती जर्मनमध्येही आणू नका.

पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

परीक्षा द्यायची असेल तर मुंबईत काळा घोड्याला आणि पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे. ए1 परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि पास व्हायला 100 पैकी 60 गुण लागतात. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि एक छोटा निरोप लिहायचा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे जर्मनचे वर्ग आहेत, मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कलिन्याला आहे. ए1 घरी करून पुढे क्लास लावलात तर पहिल्या पातळीची फी आणि कल्याण किंवा ठाण्याहून रोजचा लोकलचा धक्का, दोन्ही वाचतील.

आता कळकळीने सांगतो. "व्याकरणाची गरज नाही, सर्टिफिकेट आम्ही बघतो, तुम्ही फक्त पैसे भरा" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. नुसत्या ए1 वर नोकरीचं स्वप्न विकणाऱ्याला विचारा, या कामाला भाषेची कोणती पातळी लागते? नर्सिंगसारख्या कामाला साधारण बी2 लागते, म्हणजे ए1 नंतर अजून तीन पायऱ्या. आणि जो कागद तुम्हाला वाचता येत नाही, त्यावर सही करू नका. ए1 झालेल्या माणसाला पूर्ण करार समजणार नाही, पण कुठे रक्कम आहे, कुठे तारीख आहे, कोण कोणाला देणार आहे, एवढं दिसेल. आणि उरलेल्यासाठी जाणकाराला नेमके प्रश्न विचारता येतील. जमीन किंवा दागिना गहाण ठेवून पैसे भरणाऱ्या घरासाठी एवढं दिसणंही फार मोठं आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

1. जर्मन कशासाठी शिकायचं ते एका वाक्यात लिहा आणि गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा.
2. तुमच्या दुकानातल्या किंवा घरातल्या 30 वस्तूंची जर्मन नोंद करा, तीन रंगांत.
3. 21 ते 99 पैकी रोज दहा आकडे मोठ्याने म्हणा, आधी मराठीत, मग जर्मनमध्ये.
4. "इष काउफं डेन..." किंवा "डी..." किंवा "डास..." वापरून दहा वाक्यं लिहा.

पुढच्या व्हिडिओत चतुर्थी घेऊ. तोपर्यंत डेरचा डेन पक्का करा. चला, शटर उघडायची वेळ झाली.